घरातले ॲसिड : हायड्रोक्लोरिक आम्ल कुठे वापरावे, कसे वापरावे आणि कुठे मुळीच वापरू नये

मुंबईतल्या बहुतेक घरांच्या संडास-मोरीत कधी ना कधी पिवळसर द्रवाची एक बाटली येते, जिला आपण नुसते ‘ॲसिड’ म्हणतो. तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. लादी बसवून झाल्यावर मिस्त्री ते ओतून फरशी धुतो, फिनेल विकणारा ते दारावर आणून देतो, सोसायटीच्या जिन्यावरचे रंगाचे आणि सिमेंटचे डाग काढण्यासाठी ते मागवले जाते. प्रयोगशाळेत चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय ज्या द्रवाला हात लावू देत नाहीत, तोच द्रव आपल्याकडे चार फुटांच्या मोरीत, खिडकी बंद असताना, अनवाणी पायांनी वापरला जातो. ज्या कामांसाठी हे आम्ल घरात आणले जाते त्यांतल्या बहुतेक कामांना त्याची गरजच नसते, आणि ज्या थोड्या कामांना ती असते तिथे ते पुष्कळ पातळ करून, भरपूर पाणी हाताशी ठेवूनच वापरावे, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी या द्रवाचा स्वभाव पाहणे आवश्यक आहे.

हायड्रोजन क्लोराइड हा वायू पाण्यात विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. प्रयोगशाळेतल्या तीव्र आम्लात या वायूचे प्रमाण वजनाने सुमारे ३७ टक्के असते, तर औद्योगिक दर्जाच्या आम्लात ते साधारणपणे ३० ते ३३ टक्के असते. शुद्ध आम्ल रंगहीन असते. बाजारातल्या आम्लाला जो पिवळा रंग दिसतो तो बहुतेक वेळा त्यात मिसळलेल्या लोहाच्या अंशामुळे येतो. बाटलीचे बूच काढताच जो पांढरा धूर दिसतो, तो म्हणजे द्रवातून सुटलेला वायू हवेतल्या बाष्पाशी मिळून झालेले आम्लाचे सूक्ष्म थेंब होत, आणि म्हणूनच पावसाळ्यातल्या मुंबईच्या दमट हवेत तो अधिक दाट दिसतो. गंधकाम्ल, म्हणजे बॅटरीतले आम्ल, सामान्य तापमानाला जवळजवळ उडत नाही. ते ज्याच्यावर पडते त्याला जाळते. हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र अंगावर एक थेंबही न पडता श्वासावाटे इजा करू शकते. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमांनुसार कामाच्या जागी या वायूचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत ५ भागांच्या वर क्षणभरही जाऊ नये, आणि ५० भाग झाले तर ते जिवाला तत्काळ धोकादायक मानले जाते. बंद मोरीत तीव्र आम्ल ओतल्यावर घसा आवळतो आणि डोळ्यांतून पाणी येते, ते या वायूमुळेच.

आपल्या जठरातही हेच आम्ल असते, तेव्हा ते फारसे घातक नसावे, असे काही जण म्हणतात. जठरातले आम्ल बाटलीतल्या आम्लाच्या तुलनेने फार पातळ असते आणि जठराच्या आतल्या बाजूला श्लेष्माचे जाड अस्तर असते. डोळ्याला, घशाला आणि फुप्फुसाला असे अस्तर नाही.

उद्योगांत याचे उपयोग अनेक आहेत. जस्ताचा मुलामा देण्यापूर्वी पोलादावरचा गंज उतरवणे, हाडांपासून जिलेटिन काढणे, जलतरण तलावाच्या पाण्याची आम्लता राखणे ही त्यांपैकी काही कामे होत. झवेरी बाजारात सोने शुद्ध करताना साधारण तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल एकत्र करून जे मिश्रण वापरतात त्याला अम्लराज म्हणतात, कारण एकट्या कोणत्याही आम्लाला दाद न देणारे सोने त्यात विरघळते. सायन-पनवेल महामार्गावरून किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातून जाणाऱ्या टँकरवर नारिंगी पाटीत १७८९ हा आकडा दिसला, तर त्यात हेच आम्ल आहे असे समजावे. असा टँकर गळताना दिसल्यास वारा ज्या दिशेकडून येत असेल त्या दिशेला दूर जावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

कोणत्या लादीवर हे चालत नाही

हे आम्ल चुना, सिमेंट, गंज आणि लघवीचा साचलेला पिवळा क्षार विरघळवते. तेल, केस, बुरशी आणि साबणाचा चिकट थर यांच्यावर ते जवळजवळ निरुपयोगी असते, आणि मुंबईतल्या मोरीतला काळेपणा बहुधा बुरशीचा व साबणाचा असतो. महानगरपालिकेचे भातसा, तानसा, वैतरणा या जलाशयांतून येणारे पाणी तुलनेने मृदू असते, त्यामुळे केवळ त्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत क्षारांचा जाड पांढरा थर सहसा बसत नाही. जिथे इमारतीची बोअरवेल आहे किंवा टँकरचे पाणी घेतले जाते तिथे तो बसतो. तेव्हा बाटली आणण्यापूर्वी डाग कशाचा आहे हे ओळखावे. बोटाला बुळबुळीत लागला तर तो साबणाचा, काळे ठिपके असतील तर बुरशीचा. नखाने खरवडल्यावर खडूसारखी पांढरी पूड निघाली तरच आम्लाचा विचार करावा.

त्यानंतर लादी कोणती आहे ते पाहावे, कारण या शहरात याच बाबतीत सर्वांत जास्त नुकसान होते. संगमरवर हे कॅल्शियम कार्बोनेटच आहे, आणि कोटा, शहाबादी व कडप्पा हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. त्यांच्यावर आम्ल पडताच फेस येतो. तो फेस मळ निघत असल्याचा नसून दगड विरघळून कार्बन डायऑक्साइड सुटत असल्याचा असतो. ३० टक्के तीव्रतेचे १०० मिलिलिटर आम्ल सुमारे ४७ ग्रॅम संगमरवर विरघळवते. गिरगाव, दादर, माटुंगा येथील जुन्या इमारतींत अजूनही टिकून असलेली मोझॅकची लादी म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे तुकडे. तिच्यावर आम्ल म्हणजे सिमेंट आणि संगमरवर या दोहोंचा नाश. अशी लादी एकदा आम्लाने धुतली की तिची चमक जाते, पृष्ठभाग खरबरीत होतो, मग तीत मळ अधिक अडकतो आणि पुढच्या वेळी आणखी आम्ल वापरले जाते. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यालाही हेच लागू आहे. लादी कोणती हे कळत नसेल तर कोपऱ्यात, नजरेस न येणाऱ्या जागी, लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसावेत. बुडबुडे आले किंवा तेवढी जागा निस्तेज झाली, तर त्या लादीला कोणतेही आम्ल कधीही लावू नये.

चकाकी असलेल्या सिरॅमिक टाइलला आणि व्हिट्रिफाइड टाइलला हे आम्ल सहसा काही करत नाही, परंतु दोन टाइलमधले जॉइंट सिमेंटचे असतात आणि तेच आधी खाल्ले जातात. मोरीचे जॉइंट उघडे पडले की पाणी खालच्या मजल्यावरच्या छतात उतरते, आणि त्यावरून शेजाऱ्यांत होणारे वाद मुंबईतल्या कोणत्याही सोसायटीला नवे नाहीत. याहून गंभीर गोष्ट अशी की आम्लासोबत क्लोराइडही काँक्रीटमध्ये झिरपते, आणि क्लोराइडमुळे आतल्या सळया गंजू लागतात. समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे या शहरातल्या स्लॅबना हा त्रास आधीच आहे. गंजलेली सळई फुगते, प्लास्टर सुटते आणि छताचे पोपडे पडतात. जुन्या इमारतीत वर्षानुवर्षे आम्लाने मोरी धुणे मला म्हणूनच अत्यंत अविचाराचे वाटते.

धातूंच्या बाबतीत ॲल्युमिनियम, जस्त आणि लोखंड यांच्याशी हे आम्ल क्रिया करते आणि हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू सुटतो. स्टेनलेस स्टीललाही ते सोडत नाही, कारण क्लोराइडमुळे स्टीलवरचा संरक्षक थर फुटून बारीक खड्डे पडतात. नळाची चकाकी, मोरीच्या तोंडावरची स्टीलची जाळी आणि दाराच्या बिजागऱ्या नुसत्या धुरानेही खराब होतात.

आधी सौम्य उपाय करावा

क्षारांचा थर पातळ असेल तर किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक आम्ल, पुरेसे असते. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवून ते डागावर लावावे, फडके भिजवून त्यावर तासभर ठेवावे आणि मग घासावे. दुर्बल आम्लाला वेळ जास्त लागतो, एवढाच फरक. धूर येत नाही. ते चुनखडीच्या दगडांना आणि संगमरवराला मात्र चालत नाही, कारण लिंबाच्या थेंबाची जी चाचणी वर सांगितली ती याच आम्लाची आहे. साबणाच्या थरासाठी धुण्याचा सोडा आणि गरम पाणी वापरावे. संडासाच्या भांड्यासाठी बाजारात मिळणाऱ्या दाटसर क्लीनरमध्ये बहुधा हेच हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे १० टक्के असते. सुटे आम्ल ओतण्यापेक्षा ते बरे, कारण त्याचे प्रमाण ठरलेले असते आणि बाटलीवर सूचना छापलेल्या असतात. म्हणजे सुट्या आम्लाचे खरे काम उरते ते एकच, टाइलवर वाळून बसलेले सिमेंट काढण्याचे.

ॲसिडहल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार विक्रेत्याने ग्राहकाचे नाव, पत्ता आणि विकलेले प्रमाण यांची नोंदवही ठेवली पाहिजे, सरकारी ओळखपत्र पाहिले पाहिजे, खरेदीचे कारण लिहून घेतले पाहिजे, आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला ते विकता कामा नये. दारावर येऊन कोणतीही नोंद न करता, पाण्याच्या जुन्या बाटलीतून ॲसिड देणाऱ्याकडून ते घेऊ नये. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी, लेबल नसलेल्या बाटलीत कोणते आम्ल आहे आणि किती तीव्र आहे हे रंगावरून ओळखता येत नाही, आणि अपघात झाल्यास डॉक्टरांना पहिली गोष्ट तीच हवी असते.

सिमेंटचे डाग काढण्याची पद्धत

नळाला पाणी येत असेल त्या वेळेतच हे काम करावे. ज्या चाळीत किंवा इमारतीत पाणी ठरावीक वेळीच येते तिथे लोक पाण्याची वेळ कपडे-भांड्यांसाठी राखतात आणि साफसफाई दुपारी उरलेल्या बादलीभर पाण्यावर करतात. आम्लाच्या बाबतीत हा क्रम उलटा केला पाहिजे. अंगावर आम्ल उडाले तर सलग वीस मिनिटे वाहते पाणी लागते, आणि एका बादलीने ते होत नाही. पाणी वाहत असले तरी दोन भरलेल्या बादल्या दाराबाहेर ठेवाव्यात.

मुले, दम्याचे रुग्ण आणि पाळीव प्राणी यांना दुसऱ्या खोलीत पाठवावे. खिडकी आणि दार दोन्ही उघडावीत व एक्झॉस्ट पंखा लावावा. मोरीची खिडकी अरुंद डक्टमध्ये उघडत असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगून त्यांच्या खिडक्या बंद करायला लावाव्यात, कारण हा वायू हवेपेक्षा जड असल्याने डक्टमधून खालच्या मजल्यांकडे उतरतो. रबराचे लांब हातमोजे, बाजूंनीही बंद असलेला चष्मा, पूर्ण बाह्यांचे जुने सुती कपडे आणि गमबूट घालावेत. कापडी मास्क, ओला रुमाल किंवा एन-९५ मास्क हे वायू अडवत नाहीत, त्यामुळे त्यांच्या भरवशावर बंद खोलीत काम करू नये.

प्लास्टिकच्या बादलीत आधी दोन लिटर थंड पाणी घ्यावे आणि त्यात २०० मिलिलिटर आम्ल बादलीच्या कडेने सावकाश सोडावे. आधी आम्ल घेऊन त्यात पाणी कधीही ओतू नये, कारण वरच्या थरात एकदम उष्णता निर्माण होऊन आम्ल तोंडावर उडते. या प्रमाणाने सुमारे ३ टक्क्यांचे द्रावण होते आणि सिमेंटच्या पातळ थराला ते पुरते. लादी बसवल्यानंतर किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर जॉइंटमधले कच्चे सिमेंटही निघून येते. मोरीची जाळी काढून ठेवावी. फरशी आधी साध्या पाण्याने पूर्ण भिजवावी, म्हणजे जॉइंटमध्ये पाणी भरलेले असते आणि आम्ल आत झिरपत नाही. मग दाराच्या समोरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून दाराकडे येत, एका वेळी दोन-तीन चौरस फुटांवरच द्रावण लावावे, दोन-तीन मिनिटांनी नायलॉनच्या लांब दांड्याच्या ब्रशने घासावे आणि द्रावण सुकण्यापूर्वी भरपूर पाण्याने धुवावे. उकिडवे बसून, तोंड फरशीजवळ नेऊन घासू नये. डाग गेला नाही तर तीव्रता वाढवण्यापेक्षा हेच पुन्हा करावे. शेवटी एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून ते पाणी सगळीकडे फिरवावे. फेस येणे थांबले म्हणजे उरलेले आम्ल संपले असे समजावे, आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवावे.

हे काम घरकाम करणाऱ्या मावशींना किंवा सोसायटीच्या सफाई कामगाराला सांगायचे असेल तर हातमोजे, चष्मा आणि गमबूट देण्याची जबाबदारी काम सांगणाऱ्याची आहे. या शहरात आपल्या घराच्या स्वच्छतेसाठी आपण दुसऱ्याच्या हातांची कातडी सोलवटून घेतो आणि त्याला रोजचे काम म्हणतो, हे मला फार लाजिरवाणे वाटते. जे काम आपण स्वतः उघड्या हाताने करणार नाही ते त्यांना तसे करायला सांगू नये.

ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड

या आम्लाचा घरातला सर्वांत मोठा धोका ते दुसऱ्या वस्तूत मिसळण्यात आहे. पावसाळ्यात मोरीतली बुरशी घालवण्यासाठी आणि सोसायटीच्या आवारात टाकण्यासाठी ब्लीचिंग पावडर आणली जाते, आणि तीच पावडर पसरलेल्या जागेवर कोणी तरी ‘अधिक स्वच्छ’ व्हावे म्हणून ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर ओततो. त्या क्षणी हिरवट पिवळा क्लोरीन वायू सुटतो. कपडे पांढरे करण्याच्या द्रवरूप ब्लीचनेही हेच होते. याच वायूचा २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र येथे युद्धात शस्त्र म्हणून वापर झाला. आणि मुंबईत १४ जुलै २०१० रोजी शिवडीच्या हाजी बंदर परिसरात जुन्या सिलिंडरमधून तो गळला तेव्हा शंभराहून अधिक लोकांना त्याची बाधा झाली. हवेच्या दहा लाख भागांत १० भाग क्लोरीन असणे जिवाला धोकादायक मानले जाते. तो हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्यामुळे फरशीलगत साचतो, म्हणजे भारतीय पद्धतीच्या संडासात वाकून घासणाऱ्याच्या नाकातोंडाशीच.

असा उग्र वास आला तर भांडे उचलण्याचा किंवा पाणी ओतण्याचा प्रयत्न न करता तत्काळ बाहेर पडावे, दार ओढून घ्यावे आणि मोकळ्या हवेत बसावे. वेळेवर बाहेर पडल्यास त्रास कमी होतो, तरीही फुप्फुसांत पाणी होण्याची क्रिया काही तासांनी सुरू होऊ शकते. खोकला किंवा धाप राहिली असेल तर रात्रीपर्यंत वाट न पाहता रुग्णालयात जावे. ब्लीच वापरल्यानंतर जागा भरपूर पाण्याने धुऊन किमान एक दिवस जाऊ द्यावा, मगच आम्ल वापरावे.

तुंबलेल्या मोरीतही आम्ल ओतू नये. केस आणि तेल त्याने विरघळत नाहीत, आणि आधी कोणी कॉस्टिकचे दाणे टाकले असतील तर मिश्रण उसळून बाहेर येते. साचलेल्या मैल्यातल्या सल्फाइडशी आम्लाची क्रिया झाली तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो, ज्याचे प्रमाण वाढले की त्याचा वास येणेच बंद होते. वरच्या मजल्यावर ओतलेले आम्ल खाली चेंबरमध्ये उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

अंगावर उडाल्यास

डोळ्यात गेले तर पापण्या बोटांनी उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे डोळा धुवावा, कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास धुता धुता काढावी, आणि दुखणे थांबले तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. त्वचेवर पडले तर कपडे व दागिने लगेच काढून पाणी सोडावे. हळद, तूप, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये, आणि त्वचेवर सोडाही चोळू नये. कोणी प्यायले असेल तर उलटी करवू नये, कारण अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. सोडा पाजू नये, कारण पोटात वायू होऊन जखमी जठर फाटण्याची भीती असते. तोंड पाण्याने खळखळून धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती बाटली सोबत न्यावी.

फरशीवर तीव्र आम्ल सांडले तर त्यावर आधी खाण्याचा सोडा कडेकडेने टाकत आत यावे. ३० टक्क्यांच्या १०० मिलिलिटर आम्लासाठी सुमारे ८० ग्रॅम सोडा लागतो, म्हणून हे आम्ल घरात असेल तोवर अर्धा किलो सोडा घरात असावा.

बाटली माळ्यावर ठेवू नये, कारण काढताना ती हातातून निसटली तर डोक्यावरच पडते; ओट्याखाली गॅसच्या सिलिंडरजवळही ठेवू नये, कारण धुराने लोखंड आणि जोडण्या गंजतात. मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात, पण मोठ्यांच्या डोळ्यांच्या पातळीखाली, मूळ बाटलीतच ती उभी ठेवावी. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत आम्ल काढून ठेवू नये. काम झाल्यावर थोडे उरले असेल तर बादलीभर पाण्यात सोडून त्यात फेस थांबेपर्यंत सोडा घालावा आणि मग ते पाणी वाहत्या नळासोबत मोरीत सोडावे. रिकामी बाटली तीनदा धुवावी, तिचे लेबल तसेच ठेवावे, बुडाला भोक पाडावे आणि सुक्या कचऱ्यात वेगळी द्यावी, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या पिण्याच्या पाण्यासाठी भरली जाणार नाही.